मिश्री लावणाऱ्या बाईचं ऑपरेशन

साहेबांनी मार्कर पेनची टोपी काढली आणि उषाताईंना सरळ उभं राहायला सांगितलं. मी मागं गाऊन धरून उभी होते. सकाळचे आठ वाजले होते. अर्ध्या तासापूर्वी मी जे बघितलं ते साहेबांना माहीत नव्हतं.

मी बीडमधल्या एका खासगी दवाखान्यात मावशी आहे. मावशी म्हणजे पेशंटची आंघोळ, गाऊन, बेडपॅन, ऑपरेशन थिएटरची पुसापुशी. साहेब म्हणजे प्लास्टिक सर्जन. ते औरंगाबादहून महिन्यातून एकदा यायचे. सहा वर्षांत मी त्यांच्याशी ‘हो सर’च्या पुढं बोलले नव्हते. चौथी शिकलेल्या बाईनं बोलायचं तरी काय?

उषाताई (नाव बदललं आहे) तलवाड्याकडच्या एका गावातल्या बायकांच्या दूध संस्थेच्या सचिव. वय छत्तीस. तीन लेकरं अंगावर पाजली, मग टायफॉइडनं अंग उतरलं. छाती रिकामी होऊन खाली आली होती. आदल्या दिवशी मला म्हणाल्या, “मावशी, चार वर्षं झाली, मी आरशासमोर साडी नेसत न्हाई.” एवढंच. मीही पुढं विचारलं नाही.

त्यांना दोन ऑपरेशनं हवी होती, तीही एकाच वेळी. एकात ओघळलेली छाती वर उचलून जास्तीची कातडी काढतात. त्याला लिफ्ट म्हणतात. दुसऱ्यात आत सिलिकॉनची पिशवी बसवतात, ते इम्प्लांट. साहेब मागच्या महिन्यात म्हणाले होते की आधी लिफ्ट करू, चार महिन्यांनी इम्प्लांट. उषाताई ऐकेनात. गावात त्यांनी ‘गाठ काढायचीय’ म्हणून सांगितलं होतं. खरं फक्त नवऱ्याला माहीत. एक गाठ सांगता येते. दुसऱ्यांदा काय सांगणार?

आणि सवडही तेव्हाच होती. दुष्काळानं जनावरं चारा छावणीत गेली होती. संस्थेत सकाळ-संध्याकाळ मिळून जेमतेम एक कॅन दूध येत होतं. एरवी संकलन सोडून त्यांना माहेरीसुद्धा जाता येत नसे.

त्या सकाळी साडेसातला मी त्यांना आंघोळीला घेऊन गेले. बांगड्या, मंगळसूत्र काढून नवऱ्याकडं दिलं. त्या बाहेर आल्या तर उजव्या हाताचं बोट काळं. दातांच्या कडा काळ्या. गाऊनच्या खिशात पत्र्याची छोटी डबी.

“ताई, हे काय?”

“मिश्री हाय निस्ती. दात घासले. पोटात थेंब गेला न्हाई, देवाशपथ.”

त्यांना वाटलं, मी उपाशी पोटावरून बोलतेय. मला वेगळीच भीती. मिश्री म्हणजे तव्यावर जाळून कुटलेला तंबाखू. आमच्याकडं बायका दाताला लावतात. मीही लावते.

“दिवसातून किती बारी लावता?”

“चार-पाच. ज्यास्त व्हते कधी. कावून?”

“तंबाखू खाता का म्हणून साहेबांनी विचारलं नव्हतं का?”

“विचारलं की. मी काय तंबाखू खाते व्हय? गडी माणसं खातात.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे चुना लावून तळहातावर मळायची वस्तू. मिश्री म्हणजे दात घासायचं. फॉर्मवर ‘तंबाखू : नाही’ असं लिहून त्यांनी सही केली होती.

मला वर्षभरापूर्वीचा एक पेशंट आठवला. भाजलेल्या पायावर साहेबांनी मांडीची कातडी लावली होती. तो चोरून बिड्या ओढायचा. आठव्या दिवशी कातडी काळी पडली. ड्रेसिंगला मी बादली धरून उभी असायचे. तो वास अजून नाकात आहे. साहेब तेव्हा सिस्टरला म्हणाले होते, “तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आकसतात. नव्या कातडीला रक्तच पोचत नाही.”

आता साहेब उषाताईंच्या छातीवर निळ्या रेघा मारत होते आणि त्यांना परत समजावत होते. “ताई, वरून कातडी काढून आवळणार आणि आतून पिशवी घालून ताणणार. दोन उलटी कामं एका वेळी. रक्त कमी पडलं तर स्तनाग्राची कातडी मरू शकते. कळतंय ना?”

“कळतंय साहेब. तुमी करा.”

मला माझ्या परीनं कळत होतं. झंपराला टिपा घालून घट्ट करायचं आणि त्याच वेळी आत जास्त अंग कोंबायचं. शिवण तटतटणारच. त्यात धागाच कुजका असला तर?

मार्किंग झालं. मी पाच मिनिटं नुसती गाऊनच्या नाड्या बांधत होते. उषाताईंनी माझा हात धरला. “मावशी, डबीचं बोलू नका. आज न्हाई झालं तर माझं व्हणारच न्हाई. पाऊस पडला की जनावरं घरी येतात, दूध वाढतंय. मग मला कोण सोडतंय?”

मी हात सोडवून घेतला. सिस्टरकडं गेले. ती औजारांचे ट्रे मोजत होती.

“सिस्टर, ती बाई मिश्री लावते.”

“कोण नाही लावत? तू लावतेस, माझी सासू लावते.”

“पण तो तंबाखूच हाय ना?”

“कांताबाई, तीन दिवसांनी टँकर आलाय. आज तीन केसेस आहेत. पुढच्या वेळी पाणी असेल का नाही माहीत नाही. तुला एवढं वाटतंय तर तूच सांग साहेबांना.”

मी सांगणार नाही, हे तिला माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात थिएटरच्या नळाला पाणी नसायचं. सर्जनला हात धुवायला आम्ही पाणी उकळून, गाळून, गार करून झाकून ठेवायचो. ते हात कोपरापर्यंत घासायचे आणि मी जगनं वरून धार धरायचे. काम पाच मिनिटांचं. तेवढा वेळ मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर असायचे.

साहेब हात घासत होते. मी धार धरली. पहिला जग संपला. दुसरा घेतला. पलीकडं भूलतज्ज्ञ डॉक्टर उषाताईंच्या हाताला सलाईन लावत होते. भूल दिली की संपलं. मी तिकडंच बघत राहिले आणि धार साहेबांच्या बुटावर गेली.

“मावशी, पाणी इकडे.”

मी जग खाली ठेवला.

“मावशी?”

“सर, ती बाई मिश्री लावते. चार-पाच वेळा. आज सकाळीपण लावली.”

साहेबांचे हात तसेच वर. कोपरावरून पाणी गळत होतं. वाटलं, आता ओरडणार.

“मिश्री म्हणजे तंबाखूच ना?”

“व्हय सर. जाळलेला.”

“नक्की जास्त लावते? अंदाजानं सांगू नको.”

“सर, मी सोता लावते. बोटावरून कळतं.”

ते आत गेले. भूलतज्ज्ञांना थांबवलं. मी दाराशीच उभी. साहेब उषाताईंशी हळू बोलत होते. उषाताईंचा आवाज मात्र सगळ्या मजल्यावर आला. “दात घासायच्या पुडीसाठी ऑपरेशन थांबवतात व्हय?”

साहेब म्हणाले, “दीड महिना मिश्री पूर्ण बंद. मग करू. आज केलं आणि कातडी गेली तर ती मला परत आणता येणार नाही.”

त्या रेघा पुसायला मलाच पाठवलं. स्पिरिटनं त्या लवकर निघत नाहीत. उषाताई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

“बाई माणूस असून असं केलं तुमी.”

“ताई…”

“आता गावात काय सांगू? गाठ आपोआप विरली म्हणू?”

मी पुसत राहिले. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. घरी येऊन मी भाकऱ्या थापायला बसले. वाटलं, मी कोण? कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित त्या बाईचं आयुष्यातलं एवढं एक काम मी मोडलं.

मृग कोरडा गेला. छावण्या उठल्या नाहीत. गावोगाव लोक आभाळाकडं बघत होते आणि मी रोज त्यात उषाताईंची सवड मोजत होते. हे पाप वाटायचं, पण मोजत होते.

दोन महिन्यांनी त्या आल्या. तोंडात बडीशेप.

“सोडली,” म्हणाल्या. “पंधरा दिवस डोकं लई दुखलं. लेकरांवर वसावसा करायचे. अन् गावात सांगितलं, बीडच्या डॉक्टरनं अर्धीच गाठ काढली.”

साहेबांनी दोन्ही ऑपरेशनं एका वेळीच केली, पण पिशव्या ठरल्यापेक्षा लहान घातल्या. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर डाव्या बाजूला टाक्याजवळ बोटाच्या पेराएवढी कातडी काळसर. साहेब रोज फोनवर फोटो मागवायचे. सहाव्या दिवशी कड गुलाबी झाली. जखम उशिरा भरली, बारीक व्रण राहिला.

“तेव्हा केलं असतं तर हे एवढ्यावर थांबलं नसतं,” साहेब म्हणाले. मला नाही, सिस्टरला.

उषाताईंना सहा आठवडे दुधाचा कॅन उचलायची बंदी होती. निघताना आठ दिवसांच्या ड्रेसिंगचं सामान मी पिशवीत भरून दिलं. “मावशी, तुमच्यावरचा राग अजून गेला न्हाई माझा,” म्हणाल्या. आणि मग खोलीतल्या आरशासमोर उभं राहून पदर नीट केला.

तंबाखू, सिगारेट, दारू असं विचारलं की आमच्याकडच्या बायका झटक्यात ‘न्हाई’ म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. म्हणून सिस्टर फॉर्म भरून गेली की मी चादर बदलता बदलता विचारते, “ताई, दात कशानं घासता?” उत्तर आलं की सिस्टरला सांगते. ती ते पेनानं कडेला लिहिते, कारण छापील फॉर्मवर मिश्रीसाठी अजून रकाना नाही.