फळी वर ठेवणारी सुनंदा

सुनंदा गेल्याची बातमी मला कचरागाडीपाशी कळली. सकाळी राजेंद्र नगरात गाडीचं गाणं वाजलं, मी नेहमीसारखी ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या घेऊन फाटकाशी गेले, तर गाडीवरची रेखा बादली घ्यायचं सोडून माझ्याकडे नुसती बघत राहिली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मैडम जी, आपको किसी ने बताया नहीं? दीदी नहीं रहीं. कल शाम को..." दीदी म्हणजे सुनंदा वानखेडे. ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, तिथली माझी सहायक, आणि त्याच्याही आधी ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी. अर्धं आयुष्य आम्ही दोघींनी एकाच काउंटरच्या मागे काढलं. आणि तिचं हृदय बंद पडल्याचं नाल्यापलीकडच्या अख्ख्या वस्तीला रात्रीच ठाऊक झालं होतं, बायका तिच्या घरी जाऊन बसल्या होत्या, कोणी पाणी भरलं होतं, कोणी चूल पेटवून दिली होती. मला मात्र दुसऱ्या दिवशी कळलं, बादल्या हातात धरून. खरं सांगते, पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, हिला माझ्याआधी कसं कळलं?

त्याला आता काही आठवडे झालेत. शोकसभेत लोक जे बोलले ते मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. सुनंदा साधी होती, प्रेमळ होती, हसतमुख होती. हसतमुख होती, मान्य. साधी मुळीच नव्हती. हट्टी होती, तिखट बोलायची, माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायची आणि वर "कैरी जून होती का गं?" म्हणायची. तिच्याबद्दल छान छान लिहायला दुसरे पुष्कळ आहेत. मला तिचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. मेलेल्या माणसाचा हेवा करायचा नसतो असं कुठे ठरलं असेल, तर ते मला कोणी कळवलेलं नाही.

तिचे आजोबा अकोल्याकडून इथल्या कापड गिरणीत आले. माझे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. वर्गात दोघी बरोबरीनं शिकलो, गुण तिला माझ्यापेक्षा चांगले पडले, वाचनालयात नोकरीलाही ती माझ्याआधी लागली. पण जुने ग्रंथपाल निवृत्त झाले तेव्हा कमिटीनं खुर्ची मला दिली. कमिटीतल्या निम्म्या लोकांचे वाडवडील माझ्या पणजोबांबरोबर दफ्तराच्या एकाच फडात बसलेले, त्यांना माझं आडनाव तोंडपाठ होतं. का दिली हे मलाही कळत होतं आणि तिलाही. त्या दिवशी ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली, एक पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "बस आता. पण पंखा माझ्या बाजूनंच राहणार, सांगून ठेवते." तिनं रडावं, भांडावं, निदान चार दिवस अबोला धरावा अशी माझी अपेक्षा होती. तेही केलं नाही बाईनं. त्यामुळे खुर्ची माझी झाली, आणि वाचक आले की विचारायचे, "सुनंदा मैडम कहाँ हैं?"

आमच्या वाचनालयात एक जुनी रीत आहे, ओळख देण्याची. नवा सभासद व्हायचं तर जुन्या सभासदानं त्याच्याबरोबर काउंटरसमोर उभं राहायचं आणि ग्रंथपालाला तोंडी सांगायचं, "मी यांना ओळखतो." ग्रंथपालानं विचारायचं, "कशावरून?" त्यानं काहीतरी सांगायचं, शेजारी आहेत, मेव्हणे आहेत, माझ्या ऑफिसात आहेत, की झालं. पुस्तकं दुर्मिळ होती त्या काळातली ही रीत, पुस्तक हरवलं तर कोणाला धरायचं हे ठाऊक असावं म्हणून. कोणाला बाहेर ठेवायला ती केलेली नसेलही. पण सभासद सगळे राजेंद्र नगर, सुदामा नगरातले, पेन्शनर, मास्तर, बँकवाले. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या माणसाची ओळख देणार कोण? त्यांच्या घरी रोज झाडायला-पुसायला येणारी बाईसुद्धा त्यांना नावानं माहीत नसायची. वस्तीतला कोणी दारापर्यंत यायचा, पाटी वाचायचा आणि परत जायचा. नाही कोणी म्हटलेलं नव्हतं. म्हणायची वेळच येत नव्हती.

कर्मचारी आपोआप सभासद असतात. मी ग्रंथपाल झाल्यावर सुनंदानं ते बरोबर धरलं. मुकुंदराव आमचे सचिव, सज्जन माणूस, पण नियमाला घट्ट. त्यांनी बजावलं, की कर्मचाऱ्यानं काउंटरच्या आतून ओळख दिलेली चालणार नाही. "ठीक है ना, मग बाहेरून देते," ती म्हणाली. काउंटरला एका टोकाला ये-जा करायला उचलायची फळी आहे. तिनं ती वर केली, बाहेर गेली, दारात घुटमळणाऱ्या रेखाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात मला म्हणाली, "ग्रंथपालबाई, मी हिला ओळखते." मी विचारलं, "कशावरून?" विचारावंच लागतं. "ही गाडीवर रद्दी येते त्यातली मासिकं बाजूला काढते," सुनंदा म्हणाली, "आणि पानं फाटलेली असली तर हिला राग येतो." रेखानं मान खाली घातली आणि हसली. मग सुनंदा फळीतून आत आली आणि तिनंच रेखाचं कार्ड बनवलं. फळी तशीच वर ठेवून. ही तिची सवय. फळीला खाली एक आकडा आहे, फळी वर असली की तो बरोबर वाटेत येतो आणि येता-जाता पदर त्यात अडकतो. मी दर वेळी उठून फळी खाली करायची. ती दर वेळी वर करून जायची.

नंतर हे नेहमीचंच झालं. खजरान्याच्या देवळाबाहेर हार विकणारा एक जण आला, तो हार बांधून द्यायचे कागद आधी वाचून मग बांधायचा. गटारं साफ करणाऱ्या माणसाची मुलगी आली, परीक्षेच्या पुस्तकांसाठी. प्रत्येकाबद्दल सुनंदाला काहीतरी माहीत असायचं. आणि प्रत्येक वेळी आमची तीच जुगलबंदी. "कशावरून?" हा एक शब्द माझ्या वाट्याला, आणि उत्तर तिच्या वाट्याला. लोक वर्तमानपत्र बाजूला ठेवून तिचं उत्तर ऐकायचे. मला वाटायचं, कधीतरी एकदा मला प्रश्न विचारणारं कोणी असावं. एकदा आमच्या एका जुन्या सभासदांनी तक्रार केली, "आता काय सगळ्यांनाच घ्यायचं का? वातावरण राहिलं नाही पहिल्यासारखं." सुनंदा कार्डावर तारीख टाकत होती, मान वर न करता म्हणाली, "वाचनालय आहे काका, मंगल कार्यालय नाही. इथं आमंत्रण लागत नाही." काका चिडले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचायला हजर झाले.

पुस्तकं मांडण्याचं काम माझं. त्याबाबतीत मी माझ्यापुढे कोणाला मानत नाही, तिलाही नाही. पण एक दिवस कपाट पुसता पुसता ती म्हणाली, "विद्या, एक सांग. मास्तरानं स्वतःबद्दल लिहिलं तर ते आत्मचरित्र. नटानं लिहिलं तर आत्मचरित्र. आणि आमच्यातल्या कोणी लिहिलं की समाजशास्त्र कसं काय होतं गं?" खरंच ती सगळी पुस्तकं मागच्या खोलीत होती, समाजशास्त्राच्या कपाटात, कुलपाच्या आत. माझ्याही आधीपासून. त्या दुपारी आम्ही दोघींनी ती उचलून बाहेरच्या दालनात आणली आणि आत्मचरित्रांमध्ये, लेखकाच्या आडनावाप्रमाणे, जिथे जायला हवी तिथे लावली. न्यायाधीशाच्या शेजारी चांभाराचा मुलगा, गायिकेच्या शेजारी शेणी थापणारी बाई. काम माझ्या हातचं, रांगेत एक पुस्तक चुकलं नाही. पण सुचलं तिला. हे सुचणं मला आजही डाचतं. वर्गीकरण तर मी शिकवू शकले असते तिला.

आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, या वाचनालयाचे सगळ्यांत जुने सभासद. सुरुवातीला ते सुनंदाच्या हातून पुस्तक घ्यायचे नाहीत. बोलायचे काही नाहीत, फक्त माझी खुर्ची रिकामी असली की मी येईपर्यंत पंख्याखाली बसून राहायचे. तिला कळत नव्हतं असं नाही. ती त्यांना पाणी आणून द्यायची, आणि ते "राहू द्या" म्हणायचे. पुस्तकं बाहेर आणल्यावर एक दिवस अण्णा ओळीनं आत्मचरित्रं नेत होते, त्यात आम्ही बाहेर आणलेल्यांतलं एक त्यांच्या हाताला लागलं. ते घेऊन गेले. परत आणायला नेहमीपेक्षा उशीर केला. आणलं ते माझ्याकडे नाही, सरळ तिच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "हे सगळं खरं आहे का हो?" सुनंदानं पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाली, "नाही अण्णा. यात पुष्कळ कमी करून सांगितलंय." अण्णा म्हणाले, "दुसरं कोणतं देता?"

त्यानंतर अण्णांना पुस्तक द्यायचं ते सुनंदानंच. मी पुढे केलं तर "तू राहू दे, तुला माझी आवड कळत नाही" म्हणायचे. स्वतःचा बाप, माझ्या काउंटरवर, माझ्या देखत. अंथरुणाला खिळले तेव्हा सुनंदा रविवारी नाल्यापलीकडून चालत यायची, त्यांच्या उशाशी बसून वाचून दाखवायची, आणि मी स्वयंपाकघरात दोघांसाठी चहा करायची. आतून अण्णांचं हसू ऐकू यायचं. माझ्याशी ते असं हसल्याचं मला आठवत नाही. चहा नेऊन दिला की दोघं गप्प व्हायचे, लहान मुलांसारखे. मी एकदा तिला म्हटलंच, "बाप तेवढा मला ठेव." तर म्हणाली, "मग ये ना बसायला, चहा काय पळून जाऊन राहिलाय?" मी काही गेले नाही. मला बोलावणं अण्णांकडून हवं होतं.

आता मूळ गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसले. शोकसभा झाली, हार काढून झाले, आणि मागच्या आठवड्यात मुकुंदराव माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "विद्याताई, एक अडचण आहे. ओळख देणारा सभासद गेला तर ज्यांना त्यानं ओळख दिली त्यांना दुसऱ्या कोणाची तरी ओळख लागते. नाहीतर कार्ड बंद. नियम मी थोडाच बनवलाय." आजवर असं व्हायचं तेव्हा अडचण येत नसे, कारण बाकीच्यांना ओळखणारे ढीगभर. पण सुनंदाची माणसं फक्त सुनंदाची होती. "कोणी पुढे आलं तर बघू, नहीं तो क्या कर सकते हैं," मुकुंदराव म्हणाले. मी म्हटलं, महिन्याची सभा आहे रविवारी, त्या दिवशी सगळ्यांना बोलवा. आणि घरी येऊन, अण्णा गेल्यापासून रिकाम्या असलेल्या त्यांच्या पलंगावर बसले. कार्ड बंद झाली की ती माणसं परत पाटी वाचून जाणार. आणि माझ्या काउंटरवर "सुनंदा मैडम कहाँ हैं" विचारणारं कोणी उरणार नाही. एवढी वर्षं जे ऐकून मी जळले ते बंद होणार होतं... आणि मला ते बंद व्हायला नको होतं. किती विचित्र.

रविवारी सगळे आले. रेखा होती, हारवाला होता, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी होती, आणखीही होते. भिंतीला लागून उभे, खुर्च्या रिकाम्या असताना. जुने सभासद खुर्च्यांवर. मुकुंदरावांनी विचारलं, यांना ओळखणारं कोणी आहे का? सगळे चष्मे पुसायला लागले. मी म्हटलं, "मुकुंदराव, तुम्ही जरा माझ्या खुर्चीवर बसा." ते गोंधळून बसले. मी फळी वर केली आणि बाहेर गेले. ओळख द्यायला पहिल्यांदाच त्या बाजूला. तसं उभं राहिलं की काउंटर फार उंच वाटतो, हे मला माहीत नव्हतं. रेखाच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "मी यांना ओळखते. सगळ्यांना."

मुकुंदरावांनी माझ्याकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि विचारावंच लागतं म्हणून विचारलं, "कशावरून?"

एवढी वर्षं मला हवा होता तो प्रश्न हाच. पण कोण रद्दी निवडतं, कोण कागद वाचतं, ते सगळं तिचं होतं, ते मी कसं सांगणार? चोरी झाली असती. मग जे माझं होतं तेच तोंडात आलं. "सुनंदा गेल्याचं यांना माझ्याआधी कळलं," मी म्हटलं. "त्यावरून."

मुकुंदरावांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, आणि म्हणाले, "चालेल." खुर्च्यांवरचे एकदोघं उठले आणि भिंतीशी उभे होते त्यांना सरकून जागा दिली. रेखा माझ्या कानाशी कुजबुजली, "मैडम जी, दीदी होतीं तो..." आणि थांबली. मी म्हटलं, "हो गं, तिनं छानच केलं असतं. पण आज मी केलं." ती ओल्या डोळ्यांनी हसली. मैडम जीच म्हणाली मला, दीदी नाही. ते काही मला मिळायचं नाही, सुनंदा ते घेऊन गेली.

मी फळीतून आत आले, मुकुंदरावांना उठवलं आणि माझ्या खुर्चीवर बसले. पंखा अजून तिच्याच बाजूनं आहे. फळी खाली करायला मी उठले नाही, अजूनही करत नाही. आकड्यात रोज पदर अडकतो. अडकू दे.