पापलेटाच्या पापण्या आणि उल्हासनगरची फेरी

शेजारची मंगल सकाळीच दारात. "जयभीम काकू! उल्हासनगरात पुन्हा खानावळ काढलीत नि आम्हाला सांगितलं नाहीत? तुमची पाटी बघून जेवायला शिरले, पण कालवण बाई अगदी पाणचट. वर गोड! तुमच्या हाताला झालं तरी काय?"

माझी खानावळ बंद होऊन किती वर्षं झाली. पाटी भंगारात गेली होती. ती तिथल्या 'जुन्या जमान्याच्या' हॉटेलात लटकलीय, हे मला असं कळलं. कालवण गोड आणि नाव माझं! सूनबाई म्हणाली, "आई, फोन करू या." मी म्हटलं, "फोनवरून नाव पुसता येतं का? चल, पाटी उतरवूनच येऊ."

(टाइप सूनबाई करते. शुद्धलेखन तिचं, भांडण माझं.)

आमच्या शिरगावातून अंबरनाथला शेअर रिक्षा मिळते. ड्रायव्हरच्या शेजारी बसू नका, अर्धं अंग रस्त्यावर राहतं. अंबरनाथचं शिवमंदिर बघण्यासारखं आहे. आम्ही नाही बघितलं, मी रागात होते. तिथल्याच कारखान्याच्या गेटासमोर माझ्या खानावळीचा गाळा होता, तिथे आता मोबाईलचं दुकान आणि फ्लेक्सवर गोरी बाई.

माझी पाटी मात्र हातानं रंगवलेली. पेंटर मूळचा सिनेमाची पोस्टरं करणारा. त्यानं पापलेटाला काजळ घातलं, लांब पापण्या काढल्या, ओठ लाल केले. मी विचारलं, "अरे, हा मासा की नटी?" तो म्हणाला, "बाई, डोळा काढला की हात आपोआप पापण्यांकडे जातो." कामगार आधी हसायला यायचे, मग जेवायला बसायचे.

अंबरनाथहून दुसरी रिक्षा केली. भाडं आधी ठरवा. हॉटेलात कंदील, आत बल्ब. वेटरला धोतर, धोतराखाली जीनची पॅन्ट. बसायला खाट, त्यामुळे ताट मांडीवर. थाळी महाग आहे, दोघींत एक मागवा. वेटर तोंड वाकडं करतो, करू दे.

भिंतीवर माझा पापलेट, तसाच लाजत. खाली 'पारूबाईची खानावळ'. घास घेतला. मंगल खोटं बोलली नव्हती.

मालकाला म्हटलं, "पाटी उतरवा."

"अम्मा, ऐसा मत बोलो! लोक मछलीसोबत फोटो काढतात."

"मासा ठेवा, नाव पुसा."

"नाम पुसला तर पुराना कसा वाटणार?"

"मग कालवण सुधारा."

आतून आचारी ओरडला, "पब्लिकला तिखट नाही चालत, मावशी!"

शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थ उठले. "तुम्हीच पारूबाई? शिफ्ट सुटली की मी तुमच्याकडेच जेवायचो. आज खाल्लं नि वाटलं, बाई थकल्या."

हे मात्र लागलं मला. भिंतीवर मेनू रंगवणारा त्यांचा पेंटर तिथेच शिडीवर होता. त्याला म्हटलं, "बाबा, माझ्या नावाखाली एक ओळ लिही."

त्यानं खडूच्या दोऱ्यानं रेघ मारली आणि झोकात लिहिलं: 'मासा पारूबाईचा, कालवण आमचं.'

मालकानं वाचलं आणि पोट धरून हसला. पहिला फोटो त्यानंच काढला.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "पाटी आणायला गेलीस आणि त्यांचीच जाहिरात करून आलीस!" असेल. पण पाय दुखत असूनही मी खुशीत होते. खानावळ कधीच संपली असं मी धरून चालले होते. लोकांच्या जिभेनं अजून शटर ओढलेलं नाही.

संध्याकाळी पापलेट आणले. सवयीनं मोठंच पातेलं चढवलं. सून म्हणाली, "आई, एवढं कोण खाणार?"

मी म्हटलं, "वाट्या काढ. अख्ख्या बिल्डिंगीत दे. आणि प्रत्येक दारात सांग, हे पारूबाईचं."