नख्यांचा डबा आणि माझा अंगठा

गिटारची तार छेडायची ती प्लास्टिकची तिकोनी चकती असते ना, तिला कुणी पिक म्हणतं, कुणी प्लेक्ट्रम. आमच्या ऑर्केस्ट्रात नखी म्हणतात. माझ्याकडं अशा नख्या इतक्या आहेत की ओळीनं मांडल्या तर शुक्रवार पेठेतल्या आमच्या दारापासून सात रस्ता चौकापर्यंत जातील आणि तिथं ट्रॅफिक अडवतील. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावतात, ही गोष्ट वेगळी.

प्रत्येकीला इतिहास आहे. काळ्या जाड नखीनं एका हळदीत असा सूर लावला, की मांडवाशेजारचा ट्रान्सफॉर्मर उडाला आणि अंधारात बायकांनी नवरा सोडून आचाऱ्याला हळद फासली. पिवळ्या ठिपक्यांची आहे ती खऱ्या कासवाच्या पाठीची. गोव्याच्या एका म्हाताऱ्या वादकानं प्राण सोडताना माझ्या मुठीत ठेवली. हे पाहुण्यांना सांगत असलो की आतून बायको शांतपणे म्हणते, "कासव न्हाय, माझ्या माहेरचा कंगवा हाय तो." असेल. म्हातारा मेला हे मात्र खरं. कुठला ना कुठला म्हातारा गोव्यात त्या दिवशी मेलाच असणार.

बाकीच्या जुन्या एटीएम कार्डाच्या, एक्स-रेच्या फिल्मच्या. दुकानातली नखी भराभर झिजते, म्हणून आम्ही लोक घरीच कापतो आणि कडा शहाबादी फरशीवर पाणी टाकून घासतो. आमच्या दारातल्या फरशीला घासून घासून खळगा पडलाय. मी सांगताना त्यात म्हैस बसवतो.

गेल्या उन्हाळ्यापासून उजव्या अंगठ्याला नखी कळेना झाली. डॉक्टरनं अंगठ्याला सुई टोचली. मी दुसरीकडं बघत त्याला विचारलं, कधी टोचणार?

"शुगरनं नसा गेल्यात," तो म्हणाला. "कापलं, भाजलं तरी कळायचं नाही. जपा."

"आणि गिटार?"

"छंद चांगला आहे. आता ऐकत बसा."

मिसरूड फुटल्यापासून ज्यावर घर चालवलं, तो हा छंद.

मग रोज सकाळी डबा उघडायचा, डोळे मिटायचे आणि एकेक नखी चिमटीत धरायची. आधी जाड तेवढ्या कळायच्या. मग तापल्या सुईनं भोकं पाडून खरखरीत केलेल्या. मग त्याही कळेनात. डोळे उघडून बघावं तर नखी मांडीवर पडलेली, आणि मी रिकामी चिमूट हवेत धरून बसलेला. बायको चहा ठेवून निघून जायची.

त्यात नातेपुते गावचं लग्न आलं, दुपारचं. मी मनाशी ठरवलं, हे निभावलं तर मी अजून गिटारवाला. नाहीतर पाहुण्यांना डबा दाखवत बसायचं. आणि स्टेजवर चढण्याआधी, एका मिनिटात वाळतो तो गोंद लावून मी नखी सरळ अंगठ्यालाच चिकटवून टाकली. चपलेचा अंगठा चिकटतो, तर माणसाचा का नाही?

काय वाजवलं त्या दिवशी. जेवणाऱ्यांचे घास हातात राहिले, जिलेबी पाकात परत गेली. माझ्या सोलोला नवरीच्या मामानं खुर्चीवर उभं राहून शिट्टी मारली. हे सगळं परतताना टेम्पोत कसं सांगायचं तेही मी वाजवता वाजवता जुळवत होतो.

शेवटच्या गाण्यात माझा हात चुकला. तार सोडून भलतीकडंच पडला. आणि स्पीकरमधून सूर आला तो अगदी बरोबर.

मी मुद्दाम हात थांबवला. गिटार वाजतच होती.

शेजारी आमचा कीबोर्डवाला, तिशीतला, विणकरांच्या घरातला. घरी तेलुगू बोलतो, मला अण्णा म्हणतो. स्पीकरवर कुणाचा आवाज चालू, कुणाचा बंद, ते ठरवणारा मिक्सर त्याच्याच हाताशी असतो. तो खाली मान घालून कीबोर्डवर माझी गिटार वाजवत होता. मग मला दिसलं, माझ्या पांढऱ्या शर्टावर लाल शिंतोडे होते. नखीनं अंगठ्याची कातडी ओढून काढली होती आणि मला पत्ता नव्हता. लोक बघत होते, म्हणून गाणं संपेपर्यंत मी हात हलवत राहिलो.

परतताना टेम्पोच्या मागच्या हौद्यात आम्ही दोघंच. उन्हानं पत्रा तापलेला.

"कुठल्या गाण्यापासून बंद केलास रं मला?"

"सोडा की अण्णा."

"कुठल्या?"

"दुसऱ्या." त्यानं पाण्याची बाटली उघडून माझ्या अंगठ्यावर धार धरली. "पहिल्यातच तारांवर खरकन घसरलं की तुमचं. ऑर्केस्ट्राचा मालक बघाय लागला."

"म्हणजे तो सोलो, मामानं शिट्टी मारली तो..."

"मीच. पण तुमच्यासारखाच वाजवला. शेवटी तार ओढता की तुमी, ते पण घेतलं."

ओढ बरोबर घेतली होती त्यानं. मी स्वतः फसलो, आता कुणाला काय बोलणार. पाणी गार असावं. अंगठ्याला कळत नव्हतं.

बाटलीला झाकण लावत तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात अक्कलकोटला हाय, अण्णा. याल न्हवं? लोकास्नी गिटारवाला दिसाय पायजे. वाजवायचं मी बघतो."

मी शर्टावरचे लाल डाग बघितले. मग त्याला विचारलं, शर्ट कुठल्या रंगाचा घालू.