दोनावर थांबणारे शिशीअप्पा

दिवसाकाठी दोन ऑपरेशनं झाली की शिशीअप्पा तिसऱ्याला हात लावत नसत, मग कुणी शिव्या देवो की पाया पडो. निजामी अमलात आळंदकडच्या आमच्या दवाखान्यात रोग्याच्या तोंडावर जाळी ठेवून क्लोरोफॉर्मचे थेंब सोडायचं काम त्यांचं. वाऱ्यानं वाफ उडू नये म्हणून खिडक्या बंद. उरलीसुरली वाफ अप्पांच्या नाकात जाई. दोन झाली की शिशीला बूच लावून ते बाहेर पायरीवर जाऊन बसत. "मी शुद्धीत हाय, पण हात माझा न्हाई आता," म्हणत.

आम्हाला तो निव्वळ कामचुकारपणा वाटे. मी तेव्हा धाकटा कंपाउंडर. त्यांच्या जागेवर डोळा ठेवून होतो, हे आता कबूल करायला काय जातं! पायरीवरून उठताना त्यांचा पाय वाकडा पडे, बंडीची गुंडी भलत्याच काजात जाई. त्यांची नक्कल करण्यात माझा हात कुणी धरत नसे.

एकदा दुसरं ऑपरेशन आटोपताच मी त्यांना डॉक्टरसाहेबांसमोर हिवतापावरच्या कुनैनच्या गोळ्यांच्या पुड्या बांधायला बसवलं. अप्पांनी गोळ्या टेबलावरच ठेवल्या आणि रिकाम्या कागदांच्या झकास घड्या घालून माझ्या हाती दिल्या. सगळे खो खो हसले. सगळ्यांत जास्त अप्पा. "इसकू निकालो," साहेब म्हणाले, तरी ते हसतच घरी गेले. सकाळी परत आले.

"काल मला काढलं व्हय? मी हसायलो व्हतो का?"

"लई," मी म्हटलं. मला त्याचीही गंमतच वाटली. आज शरम वाटते.

जागा मला मिळाली. मी दिवसाला चार-चार करू लागलो. तिसऱ्याला तर उलट तरतरी वाटे.

दोन वर्षांनी अप्पाच अंतर्गळ घेऊन टेबलावर आले.

"मी कितवा रे?"

"तिसरा."

ते उठायला लागले. "उद्या घ्या मला. डोळे बघ तुझे, कसे झालेत."

"सगळे तुमच्यावानी नसत्यात, अप्पा," म्हणत मी त्यांना खांदे धरून झोपवलं. जाळी ठेवली तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. पकड सैल झाली, तसं मला वाटलं, आला म्हातारा वठणीवर. थेंब अगदी बेतानं पडत होते, निदान मला तसंच दिसत होतं. डॉक्टरसाहेबांनी ओरडून शिशी हिसकावली तेव्हा ती रिकामी होती. अप्पांचा श्वास कधी थांबला, ते त्यांच्या उशाशी उभ्या असलेल्या मला कळलंही नव्हतं.