तेरा तारखेची ओळ

जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे म्हणणे, हा सद्गुण दिसतो तितका सुलभ नाही. विद्वत्तेच्या वृद्धीबरोबर तर तो अधिकच दुर्घट होत जातो. कुळगावच्या भीमरावांच्या तो अंगवळणी पडला होता. शरदचंद्रांना मात्र एकाहत्तराव्या वर्षी, विहिरीच्या कठड्यापाशी, कान धरून शिकावा लागला.

भीमराव अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात प्रयोगशाळेचे मदतनीस होते. निवृत्तीनंतर, भूजलाचा अभ्यास करणाऱ्या चैत्रालीच्या सांगण्यावरून, त्यांनी सोसायटीच्या आवारातील विहीर मोजायला घेतली. सकाळी सातला वजन बांधलेली मोजपट्टी आत सोडायची आणि कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचे. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

एका एप्रिलात हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ते चार दिवस रुग्णालयात गेले. वही त्यांनी वरच्या मजल्यावरील शरदचंद्रांच्या हाती दिली. शरदचंद्र संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. हयात जुन्या पोथ्यांच्या संशोधनात गेलेली. हे काम त्यांना आपल्या योग्यतेपुढे किरकोळच वाटले.

तीन दिवस त्यांनी मोजले. पाणी रोज दोन सेंटिमीटर उतरत होते. तेरा तारखेला उल्हासनगरात त्यांचा सत्कार होता. शाल नीट बसेपर्यंत सात वाजून गेले. अनुमान हेही प्रमाणच, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी आणखी दोन सेंटिमीटर वाढवून आकडा लिहिला. अक्षर सुरेख आले होते.

चौदाच्या सकाळी भीमराव घरी परतले आणि वही चाळू लागले.

"सर, काल मोजलंत?"

"म्हणजे काय!"

"काल कमिटीनं अचानक गाळ काढायला घेतला. पहाटेपासून पंप चालू होता. आवार झाडणारी भिमाबाई सांगत होती, सातला तळ दिसत होता."

पंपाची घरघर शरदचंद्रांनी ऐकली होती. भाषणाच्या उजळणीत व्यत्यय नको, म्हणून खिडकी लावून घेतली होती.

"उपसलेली विहीर किती वेळात भरते, ते चैत्राली मॅडमना बघायचं होतं," भीमराव हळूच म्हणाले. "सहा वर्षं वाट बघत होतो."

"मी... पान बदलून देतो."

"नाही सर. आकड्यावर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला काय झालं ते लिहा, सही करा. आमच्या लॅबमध्ये असंच असायचं."

शरदचंद्रांनी रेघ मारली, बाजूला खरे काय ते लिहिले, सही केली. कसरीने खाल्लेल्या पोथीत जागा रिकामी सोडावी, पदरचे अक्षर घालू नये, हे त्यांनी तीस वर्षे शिकवले होते. घालणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांना नापासही केले होते.

रविवारी चैत्राली आली. एक आकडा खोटा ठरला की मागचे दोन हजार संशयात जातात, हे भीमरावांना ठाऊक होते. त्यांनी वही तिच्यापुढे ठेवली. शरदचंद्रांनी सारे स्वतः सांगितले.

"आणि आधीचे तीन दिवस, सर?"

"मोजले. खरोखर मोजले."

वरच्या गॅलरीतून शरदचंद्रांच्या पत्नी माई ओरडल्या, "मोजलं हो! मीच ढकलून पाठवत होते रोज!"

चैत्राली हसली. "हे लपलं असतं ना, तर सगळ्या वह्या बाद कराव्या लागल्या असत्या," म्हणाली, आणि वही पिशवीत ठेवली.

भीमराव गेल्या माघात गेले. मागे सात वह्या आणि शिशाचे वजन बांधलेली मोजपट्टी उरली आहे. सकाळी सातला शरदचंद्र विहीर मोजतात.