शोभाताईंचा नंबर

आमच्या धंद्यात किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. मेसेज पाठवला की ते आपोआप परत येतात. शहाद्यात बसस्टँडजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. मालक विलासभाऊ आणि मी, एवढाच स्टाफ. दुकानांच्या जाहिरातीचे मेसेज लोकांच्या मोबाइलवर पोचवायचे, हे आमचं काम. लोकांना वाटतं, मजकूर लिहिणं अवघड असेल. मजकुराचं काही नाही. तो कोणत्या नंबरवरून पाठवायचा, इथे खरी डोकेफोड असते. आणि त्यातले निम्मे किस्से एकट्या शोभाताईंचे आहेत.

शोभाताईंचं स्टँडसमोर भांड्यांचं दुकान. शोभा भांडार. नवरा गेल्यापासून त्याच चालवतात. शेजारी काचेच्या दाराचं, एसी लावलेलं नवं स्टीलचं दुकान झालं आणि यांचं गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं. "पुढची आखाजीही कोरडी गेली तर दुकान भाड्याने देऊन टाकू," असं त्यांचे मोठे दीर घरात बोलायला लागले, तेव्हा ताई आमच्या ऑफिसात आल्या. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

*

विलासभाऊ म्हणाले, "ताई, जाहिरातीसाठी वेगळी सोय करू. स्वतःच्या मोबाइलवरून नको."

"का बरं? मन्हा नंबर आख्खा गावले माहीत शे. अनोळखी नंबर कोन उघडी पाही?"

मुद्दा आम्हाला पटला. त्यांच्याच मोबाइलवरून मेसेज गेला. 'घरच्या लग्नकार्यासाठी भांड्यांचा सगळा संच तयार आहे. सहकुटुंब आवर्जून या. शोभा.'

ताई एरवी कोणाला मेसेज करत नाहीत. त्यामुळे लोकांनी 'लग्नकार्य' आणि 'सहकुटुंब या' एवढंच वाचलं. दुपारपर्यंत फोनची रीघ लागली. भांड्यांचं कोणी विचारेना. सगळे अभिनंदन करत होते, आणि जवळचे नातेवाईक आम्हाला आधी का नाही सांगितलं म्हणून रुसले होते. ताईंची मुलगी केतकी नाशिकला नर्सिंग शिकते. तिलाही फोन गेले. संध्याकाळी तिचा आईला फोन आला.

"आई, मी नाही म्हणत नाही. पण मुलगा काय करतो, तेवढं तरी सांग."

*

नंतर एकगठ्ठा मेसेज गेले म्हणून ताईंच्या सिमवरून मेसेज जाणंच बंद झालं. मग विलासभाऊंनी दुसरं सिम आणलं. नंबर असा देखणा, की एकदा ऐकला की पाठ. ते त्या नंबरावर इतके खूश होते, की हॉटेलात चहावाल्यालाही म्हणून दाखवायचे.

एवढा देखणा नंबर रिकामा कसा राहिला, हे मात्र आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. तो आधी धानोऱ्याच्या एका लग्नाच्या बँडवाल्याकडे होता. त्याने तो सोडला, पण गावोगावच्या लग्नघरांनी सोडला नव्हता. लग्नसराईत दुकानात फोन वाजायचा तो नवरदेवाच्या मामाचा.

ताई पहिले दोन दिवस चिडल्या. तिसऱ्या दिवशी मी दुकानात होते, तेव्हा एकाने विचारलं, "बँड शे का?"

"बँड नही, परात शे."

मग त्याने विचारलं, "वाजस का?"

"वाजाडशी तशी वाजस," ताई म्हणाल्या. "लगीनघर शे ना? मंग परात लागीच. पितळनी देऊ का स्टीलनी?"

त्या माणसाने दोन पराती नेल्या. बँड कोणाचा लावला, ते कळलं नाही.

*

साध्या मोबाइल नंबरावरून असे जाहिरातीचे गठ्ठे पाठवायचेच नसतात, हे मोबाइल कंपनीच्या माणसाने विलासभाऊंना नीट समजावलं, तेव्हा आम्ही नोंदणीच्या वाटेला लागलो. त्यात नंबराच्या जागी सहा इंग्रजी अक्षरांचं नाव दिसतं. विलासभाऊंनी 'भांडार' शब्द इंग्रजीत लिहिला आणि सहा अक्षरं झाल्यावर थांबले. बी-एच-ए-एन-डी-ए. मंजुरीही मिळाली.

दिवाळीच्या पहाटे शेकडो घरांत मेसेज पोचला. वर पाठवणाऱ्याचं नाव, 'भांडा'. खाली, 'सर्व कुटुंबाला दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.'

ताईंना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. "भांडा म्हणजे भांडाच ना. घरमा आम्ही तसाच म्हणतस." पण पाडव्याला एक निवृत्त हेडमास्तर दुकानात आले. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, आमच्या घरात दोन सुना आहेत. त्यांना सूचनेची गरज नव्हती."

*

मग दुसरं नाव घेतलं, 'शोभा'. इंग्रजीत बरोब्बर सहा अक्षरं. हे आधी का सुचलं नाही, यावर विलासभाऊ अजून बोललेले नाहीत.

या नावाने पहिला मेसेज गेला. 'नवीन माल आला आहे. आम्ही तुमची वाट पाहत आहोत. उद्या नक्की या.' दुसऱ्या दिवशी एक बाई नवऱ्याचा मोबाइल हातात धरून दुकानात शिरल्या. नवरा मागे, पायरीच्या खालीच उभा.

"शोभा कोन शे?" बाईंनी विचारलं.

ताई स्टुलावर बसून तांब्याचा हंडा चिंचेने घासत होत्या. केस पांढरे, चष्मा नाकावर घसरलेला. "मीच शोभा. या ना."

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मोबाइल पाहिला. मग नवऱ्याला पाहिलं.

ताई म्हणाल्या, "तुम्हना मालक येतस, इडलीपात्र हातमा लेतस, पाहतस आनि परत ठी देतस. आते तुम्ही उन्यात तं लई जा."

नेलं. नवऱ्याने एका शब्दाने घासाघीस केली नाही.

*

अशा नावाच्या मेसेजला लोकांना उत्तर देता येत नाही. म्हणून जाहिरातीत खाली टोल-फ्री नंबर टाकला, म्हणजे गिऱ्हाइकाने फुकट फोन करून भाव विचारावा. पहिला फोन तोरणमाळहून आला, वेस्ता पावरा नावाच्या माणसाचा.

"बाई, तोरणमाळची गाडी लागली का?"

दुकान स्टँडसमोरच, जाहिरातीतला पत्ताही तोच. ताईंनी मान बाहेर काढून पाहिलं आणि सांगितलं, "लागनी. भरी ऱ्हायनी."

मग रोजच तसे फोन येऊ लागले. वेस्ताने नंबर पाड्यावर सगळ्यांना दिला होता. विलासभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, हा नंबर धंद्यासाठी आहे."

"घाट उतरीसन मानूस शहादाले येस तो काय रोज येस का? येस तवय त्याले एक तरी वळखनं घर पाहिजे."

आखाजीच्या आधी वेस्ता पावरा दहा-बारा माणसं घेऊन गाडीतून उतरला. पाड्यावरच्या जेवणावळीसाठी मोठी पातेली, तपेली, झारे घ्यायचे होते. त्याने ताईंना कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या नव्या दुकानाच्या काचेच्या दारावरून सगळे सरळ पुढे गेले आणि तो रस्त्यात विचारू लागला, "गाडी सांगणारी बाई कुठे बसते?"

त्या आखाजीनंतर मोठ्या दिरांनी भाड्याचा विषय काढला नाही. उलट ते स्वतः संध्याकाळी गल्ल्यावर येऊन बसतात आणि गाडीचा फोन आला की मान बाहेर काढतात.

*

शेवटचा किस्सा गेल्या उन्हाळ्यातला. ताईंकडे जुन्या भांड्यांची दुरुस्तीही होते. काम झालं की गिऱ्हाइकाला मेसेज जातो, 'आपले भांडे तयार आहे. आज घेऊन जावे.' या मेसेजात टोल-फ्री नंबर टाकायचा आमच्याकडून राहिला होता.

कळसाडीच्या एका आबांचा तांब्याचा हंडा बुडाला गळत होता. तो सांधून झाला. सकाळी मी मेसेज पाठवला आणि दुपारी कामासाठी ताईंच्या दुकानात बसले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आबा आत आले. धोतर, टोपी, डोक्यावरून घेतलेलं उपरणं, घामाने चिंब. ताईंनी पाणी दिलं. ते सावकाश प्यायले.

"मेसेज कोन धाडतस?" त्यांनी विचारलं.

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. आबा माझ्याकडे वळले आणि हात जोडले.

"बेटा, मेसेज भेटना. उत्तर द्याले गऊ तं त्यावर नंबरच नही. नातीले सांगी पाह्यं, तिलेबी जमनं नही. तू वाट पाहत बसशी, म्हनीसन सांगाले उनू. आज मी येवाव नही."

आज येणार नाही, एवढं सांगायला ते कळसाडीहून आले होते. ताई उठल्या, आतून हंडा आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "आबा, हाऊ तुम्हना हंडा. तयार शे. लई जा."

आबांनी हंड्यावरून हात फिरवला, बूड उलटून पाहिलं आणि तो ताईंकडे परत सरकवला.

"नही माय. आज मी उनूच नही."

उपरणं डोक्यावर घेतलं आणि कळसाडीच्या गाडीकडे चालू लागले.