कड्याला टिचकी

चिकलठाण्याच्या कारखान्यात लागून मला पाच महिने झाले होते. सहावा संपला की कायम करायचं की घरी पाठवायचं, हे सुपरवायझर ठरवणार होते. नौदलाच्या जहाजांना पाण्याखालचं ऐकवणारं सोनार यंत्र असतं, त्यासाठी आम्ही भट्टीत भाजलेली, बांगडीसारखी गोल पांढरी कडी तयार करायचो. पाण्यात रडारचं काही चालत नाही, तिथं आवाजच कामाचा. कड्याला वीज दिली की ते थरथरतं, आवाज पाण्यात जातो, पाणबुडीवर आपटून परत येतो आणि कड्याला दाबून पुन्हा वीज उठवतो. जाऊन यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. हे मला कुणी आपणहून सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत खोदून खोदून विचारून घेतलं.

माझं काम मीटर लावून कडी पास करायचं. पण मी बिडकीनच्या कुंभाराची लेक. भट्टीतून निघालेल्या वस्तूला टिचकी मारल्याशिवाय माझा हात पुढं सरकत नाही. त्या दिवशी एक कडं खणखणीत न वाजता बद्द वाजलं. मीटर ठीक दाखवत होतं, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मी सही केली नाही.

सुपरवायझर आले. "बाई, हे मडक्यांचं दुकान आहे का? मीटर बरोबर आहे, सही करा."

"नाय करणार, साहेब. ह्याच्या पोटात तडा हाय. दाबाच्या टाकीत घालून बघा."

त्या टाकीत खोल समुद्राइतका दाब देता यायचा, पण मोजकीच कडी तिथं जायची.

"काही निघालं नाही, तर उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

भीती वाटली, पण राग त्याहून मोठा होता. मीटरच्या काट्याला किंमत आणि माझ्या कानाला नाही? "बरं," मी म्हटलं.

टाकीतून कड्याचे दोन तुकडे निघाले. सुपरवायझरांनी नापास कड्याचा फॉर्म पुढं केला आणि कारण म्हणून 'तडा' लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'आवाज बद्द'. ते 'खोडा' म्हणाले. मी खोडलं नाही.

महिना संपला तेव्हा कायम केल्याचं पत्र घेऊन तेच माझ्या टेबलाशी आले. पत्र ठेवलं, इकडंतिकडं पाहिलं आणि एका कड्याला हळूच टिचकी मारली.

"हे कसं वाटतं?"

"आधी तुमचं मीटर काय म्हणतंय ते सांगा, साहेब," मी म्हटलं.